तिखट नसलेली मिरची

मिरची म्हटली की माणसं एकच प्रश्न विचारतात, तिखट किती? आमच्या कचेरीत हाच प्रश्न, वाडीत हाच, आणि माझ्या फोनवर मिरचीवेड्यांचा जो ग्रुप आहे तिथे तर दुसरा विषयच नसतो. त्या ग्रुपातले पुरुष आठवड्यातून एकदा तरी कुठलीशी सुरकुतलेली लालभडक मिरची कॅमेऱ्यासमोर चावतात, डोळ्यांतून पाणी काढतात, खुर्चीवरून उठून येरझाऱ्या घालतात, आणि खाली बाकीचे टाळ्यांची चित्रं टाकतात. चाळिशी उलटलेली, पोटं सुटलेली, बायकामुलांची माणसं ही. तोंड भाजून घेण्यात कसला पराक्रम आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. आमच्याकडे तिखट लागलं की लहान पोर गुळाचा खडा मागतं आणि गप्प बसतं.

मी रानमिरच्या लावते. माणसाने निवडून, पोसून, वळण लावून मोठ्या केलेल्या मिरच्या मला नकोत. दूर कुठे दक्षिण अमेरिकेच्या डोंगरात आपल्या आपण वाढणाऱ्या, वाटाण्याहून लहान, पाखरांनी खाऊन पाखरांनीच पेरलेल्या मिरच्या मला आवडतात. त्यांच्या बियांना माणसाची सवय नसते. बाजारातल्या मिरचीचं बी ओल्या मातीवर टाकलं की आठवड्यात मान वर काढतं, एखाद्या आज्ञाधारक शिपायासारखं. रानमिरचीचं बी महिना महिना ढिम्म हलत नाही. रुजायचं की नाही हे ते स्वतः ठरवतं. मला ह्या गोष्टीचं कौतुक वाटतं, कारण माझ्या ओळखीत स्वतःचं स्वतः काही ठरवणारं फारसं कोणी नाही.

मी ओरोसला सरकारी कचेरीत आहे. रोज सकाळी मालवणहून एसटी, कसालला उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, मग ओरोस, आणि संध्याकाळी तेच उलट. कचेरीत लोक प्रमाण मराठीत एकमेकांच्या फायली अडवतात आणि डबा उघडला की मालवणीत एकमेकांची भाजी काढून घेतात. लग्न झालं नाही, म्हणजे मी केलं नाही. दोन्ही खरं आहे, आणि कोणाला कुठलं सांगायचं ते मी समोरच्याचं तोंड बघून ठरवते. घर आईच्या नावावर आहे. खाली आई, धाकटा भाऊ, भावजय. वर गच्ची, आणि गच्चीला लागून माझी एक खोली. गच्चीवर माझी झाडं.

ज्या मिरचीबद्दल हे लिहायला बसले तिचं नाव कॅप्सिकम ऱ्हॉम्बॉइडियम. बी मला पुण्याच्या एका सभासदाने पाठवलं. बदल्यात त्याने आमच्या परसातली, पाखरांनी पेरलेली इवलीशी लवंगी मागितली, जी आमच्याकडे कोणी मोजतही नाही. पाकिटासोबत त्याने फोनवर एक व्याख्यानही पाठवलं. किनारपट्टीवर ही जात येणं कठीण, खारा वारा, दमट हवा, तुम्ही आपले नारळ लावा, वगैरे. शिवाय ह्या मिरचीत काही दम नाही, मी ती काढूनच टाकणार होतो, असंही त्याने लिहिलं. त्याचा दम म्हणजे तिखटपणा. ऱ्हॉम्बॉइडियम अजिबात तिखट नसते. कच्च्या वाटाण्यासारखी, थोडी हिरवट, बास. मिरचीच्या कुळात जन्मून जी तिखट असायचे कष्टसुद्धा घेत नाही, ती मला बघायच्या आधीच आवडून गेली होती.

बी रुजवण्याबद्दल ग्रुपवर जेवढी माणसं तेवढी मतं. एकाने बियांखाली ठेवायची विजेची गादी घेतली होती, उष्णता देणारी. तिचा फोटो टाकून तो सगळ्यांना विचारत होता की कितीवर ठेवू. मालवणात मे महिन्यात माणूसच रुजायच्या बेतात असतो, तिथे गादी कसली तापवता? आमच्याकडे अडचण बुरशीची. ओल्या कागदात बी ठेवलं की बी जागं व्हायच्या आधी कागदावर पांढरी लव येते. मी पातळ कोऱ्या चहात बिया भिजवल्या, चहाने बुरशी दबते म्हणून. शिवाय पोटॅशियम नायट्रेटच्या पाण्याने रानबियांची झोप मोडते असं बरंच वाचलं होतं, आणि ते खतांच्या दुकानात तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणून मिळतं, हे मला ठाऊक होतं. कसालच्या दुकानदाराने पिशवी काढून विचारलं, “आंब्याक व्हया काय काजूक?” मी म्हटलं, मिरचीला. चिमूटभर. तो माझ्याकडे बघत राहिला. चिमूटभर खत मागणारी बाई त्याच्या दुकानात आली नसावी. अख्खी पिशवी घ्यावी लागली, आणि उरलेली भावाने आंब्यावर फवारून टाकली. आंबा त्या वर्षी जोरात मोहरला आणि त्याचं श्रेय भावाने स्वतः घेतलं.

बहुतेक बिया कुजल्या. चिमट्याने उचलल्या की बोटाखाली मऊ लागायच्या, मग टाकून द्यायच्या. डबी मी फ्रिजच्या मागच्या बाजूला, जिथे ऊब असते तिथे ठेवली होती, आणि भावजय रोज विचारायची की त्या डबीत काय मेलंय. तिच्या नाकाचं मला नेहमी नवल वाटतं. पाहुण्यांच्या खोलीतल्या दमट गाद्यांचा वास तिला येत नाही, माझ्या डबीचा येतो. मी आशा सोडल्यावर एका बीने मोड काढला. एकाच. मातीत लावल्यावर तो वर आला तो डोक्यावर बीचं टोपरं घेऊनच, आणि ते काही केल्या सुटेना. पाण्याने भिजवलं, नाही सुटलं. शेवटी जिभेचा ओलावा लावून सुईच्या टोकाने सोडवलं, श्वास रोखून. त्याआधी इतक्या हळुवारपणे मी कोणाला हात लावल्याचं आठवत नाही.

झाड वाढलं. अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, म्हणजे समुद्राचा खारा वारा थेट लागणार नाही असं. पुण्याच्या तज्ज्ञाला मी एकही फोटो पाठवला नाही. तोंडावर फेकण्यासाठी मी झाड वाढवत नव्हते, आणि त्याच्या टाळ्यांच्या चित्रांचं मला काही करायचं नव्हतं. वर्ष सरलं तसं ते माझ्याहून उंच झालं, टाकीच्या कठड्याला बांधावं लागलं. एकदा मी ऊन सगळीकडून लागावं म्हणून पिंप नुसतं फिरवलं, तर रागाने अर्धी पानं गाळली त्याने. तेव्हापासून हलवायचं नाव काढलं नाही. फुलं आली ती पिवळी. शेजारची बाई कपडे वाळत घालताना कठड्यावरून म्हणाली, “पिवळा फूल मिरसांगेक खंय येता गो? वांग्याचा झाड आसा ह्या.” वांग्याचं फूल जांभळं असतं हे तिला सांगायचा मोह मी आवरला नाही. त्यानंतर चार दिवस ती बोलली नाही, मला बरं वाटलं.

पहिली फळं बुलबुलांनी खाल्ली. पिकायची वाट बघत होते, आणि एका सकाळी झाड साफ. बुलबुलांचा मला राग आला नाही, ती त्यांचीच मिरची. पण बी मला हवं होतं. मग मागच्या घरच्या रापणकाराकडून फाटक्या जाळ्याचा तुकडा मागून आणला आणि झाडावर टाकला. जाळ्याला मासळीचा वास येत होता. पहिले काही दिवस खाली मांजरं तोंड वर करून बसायची.

भावाने विचारलं, “ताय, ही किती तिखट?” त्याचा पाहुणा, ठाण्याकडचा कोणीतरी, त्याच्या मागे फोन धरून उभा होता, चावायला तयार. मी म्हटलं, हात लावू नको, डोळ्यांना लागली तर डोळे जातील, सगळ्यात जहाल जात आहे ही. दोघेही मागे सरकले. हे खोटं होतं, पण कुंपणाला जे काम जमत नाही ते ह्या एका वाक्याने केलं. त्यानंतर घरात त्या झाडाजवळून जाताना सगळे अंग चोरून जायचे. खरं सांगितलं असतं तर झाडाला काही किंमत राहिली नसती. जे झोंबत नाही त्याची आमच्याकडे कोणी पत्रास ठेवत नाही, हे मी कचेरीत आणि घरी बरंच अनुभवलेलं आहे.

आता भावाबद्दल. तो वाईट नाही. ह्यापुढे काही सांगायला लागले तर त्याच्यावर अन्याय होईल, तरी सांगते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने खोल्या काढल्या आणि पाटी लावली, तसं त्यानेही काढल्या. खालच्या दोन खोल्यांत एसी बसवले. पाहुणे येतात, तुळशीपुढे उभं राहून फोटो काढतात, बांगडा बघून नाक मुरडतात, सुरमई मागतात, आणि समुद्र किती वाजता बघण्यासारखा असतो असं विचारतात. भाऊ त्यांच्याशी हिंदीत बोलतो, आणि हिंदी बोलताना तो त्याच्या मूळ आकाराहून लहान होतो, हे मला बघवत नाही. दसऱ्याच्या सुमाराला त्याने गच्चीवर माणूस आणला. तो माणूस टेप लावून मापं घेत होता. गच्चीवर तीन खोल्या, सी-व्ह्यू. आमच्या गच्चीवरून समुद्र दोन माडांच्या मधून दिसतो, तोही वारा असेल तर. माझी खोली त्यात जाणार होती. रात्री जेवताना भाऊ ताटाकडे बघत म्हणाला, “ताय, तुका ओरोसाक क्वार्टर गावतली. रोजची येस्टीची धावपळ वाचात तुजी.” भावजय म्हणाली, “तुमका थंय शांती गावात, ताई.”

ओरोसची शांती मी रोज बघते. कचेऱ्या सुटल्या की जिल्ह्याचं ते ठिकाण सगळं रिकामं होतं, रस्त्यावर कुत्री आणि क्वार्टरांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले टॉवेल. आई काही बोलली नाही, ती आपल्या भातात सोलकढी कालवत राहिली. घर तिचं, तिने एक शब्द उच्चारला असता तर टेपवाला दुसऱ्या दिवशी आला नसता. ती बोलली नाही, ह्याचा अर्थ मी माझ्या पद्धतीने लावला आणि त्या दिवसापासून घरात जेवण कमी केलं. म्हणजे बसायचे, पण दोन घास. बोलणंही सोडलं. भावाला बघितलं की मला त्याच्या हिंदीची आठवण व्हायची, भावजयीला बघितलं की गाद्यांची.

काम दिवाळीनंतर सुरू होणार होतं. झाड हलवता येणार नव्हतं. पिंप उचलायला चार माणसं लागली असती, आणि जे नुसतं फिरवल्यावर पानं गाळतं ते टेम्पोत घालून ओरोसला नेलं असतं तर वाटेत कसालपर्यंतही टिकलं नसतं. म्हणजे बी न्यायचं. जाळ्याखाली मोजकीच फळं लाल झालेली होती. रानमिरचीचं बी घ्यायचं तर फळ झाडावर पुरतं पिकू द्यावं लागतं, लाल होऊन थोडं सुरकुतायला लागेपर्यंत. घाई केली तर बी कच्चं राहतं आणि ते कधीच रुजत नाही. म्हणून मी थांबले होते. येत्या रविवारी काढायचं ठरवलं होतं. ते बी म्हणजे त्या गच्चीतलं एवढंच काय ते माझ्यासोबत येणार होतं, आणि दुसरं कुठून मिळणारही नव्हतं. पुण्याच्या त्या माणसाने त्याचं झाड केव्हाच उपटलं होतं.

शुक्रवारी एसटी उशिरा आली. घरी पोचले तेव्हा तिन्हीसांजा झालेल्या. आम्ही घरचे मागच्या दाराने जातो, पुढचं दार पाहुण्यांचं. मागे न्हाणीची चूल आहे, आंघोळीचं पाणी तिच्यावर तापतं, नारळाची सोडणं आणि झावळ्या घालून. आई चुलीपाशी उभी होती, दोन्ही मुठी मिटलेल्या.

“थंयच रव,” ती म्हणाली. “आत येव नको.”

“आये, माका आंगोळ करूची आसा.”

“रव म्हटलंय मा. हलू नको.”

दृष्ट काढायची होती. मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. दृष्ट पोरांची काढतात, नवरा-नवरीची, बाळंतिणीची, फार तर नव्या गाडीची. शेहेचाळीस वर्षांच्या, खांद्याला डब्याची पिशवी असलेल्या कारकून बाईची दृष्ट काढताना मी कोणाला बघितलेलं नाही. माझ्याकडे बघून कोणाच्या पोटात दुखावं असं काय होतं? पण आई गुडघ्यांनी लंगडत माझ्या पुढे येऊन उभी राहिली होती आणि तिच्या तोंडावर इतकं गंभीर काहीतरी होतं, की मी पिशवी हातात घेऊन उभी राहिले, एसटीच्या रांगेत उभं राहावं तशी. तिने मुठी माझ्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवल्या. आल्यागेल्याची, वाटेवरची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, घरच्यादारच्याची. “घरच्याची” म्हणताना ती थांबली, आणि तो शब्द तिने पुन्हा एकदा म्हटला. मग मुठी चुलीत रिकाम्या केल्या. मीठ तडतडलं. मोहरी उडाली.

ह्यात खरी गंमत पुढे असते. आगीत मिरची जळली की सगळ्या घराला ठसका लागायला हवा. लागला, तर दृष्ट नव्हतीच. नाही लागला, तर होती, आणि जितकी हवा स्वच्छ तितकी दृष्ट जबर. आई चुलीवर वाकून उभी राहिली. मी पण उभी होते. धूर नेहमीसारखा सोडणांचा. भाऊ पाहुण्यांना चहा द्यायला मागून गेला, तोही खोकला नाही.

“ठसको नाय इलो,” आई म्हणाली, अगदी हळू.

मी म्हटलं बरं झालं, आणि जिना चढून वर गेले.

जाळं घडी घालून कठड्यावर ठेवलेलं होतं. चौपदरी घडी, कडा जुळवून, आई लुगड्याची घालते तशी. वरवर बघता झाडावर एकही लाल फळ दिसेना. खालची हिरवी होती तशीच होती, पण ती काही दिवाळीआधी पिकणार नव्हती. पहिल्यांदा मला बुलबुल आठवले, पण बुलबुल घड्या घालत नाहीत. मग मिटलेल्या मुठी आठवल्या. माझं बी माझ्याच भोवती ओवाळून माझ्याच डोळ्यांदेखत चुलीत गेलं होतं, आणि मी पिशवी धरून उभी होते. मला आईचा संताप आला. त्या बाईच्या अडाणीपणाचा, तिच्या मिठामोहरीचा, ह्या अख्ख्या गावाचा, जिथे एवढं जपून वाढवलेली वस्तू दृष्ट काढायला वापरतात. स्वयंपाकघरात मसाल्याच्या सुक्या मिरच्यांचा डबा काठोकाठ भरलेला होता. चार वाक्यं जुळवत मी खाली उतरले, एकाहून एक बोचरी.

आई चुलीपुढे पाटावर बसली होती. मी तोंड उघडायच्या आत ती बोलली.

“तुज्या झाडाच्योच घेतलंय. तूच सांगलंस मा, सगळ्यांत जहाल म्हणान. बसान बसान जिनो चढलंय. म्हटलंय, मोठी दिष्ट आसा, तर मिरसांग पण तशीच व्हयी.”

“आये—”

“इतकी जहाल मिरसांग जळली आणि येक शिंक नाय गो. ही भायरची दिष्ट नाय. घरातली आसा. माजी आसा.”

जुळवलेली वाक्यं टाकून मी, तुझी कशी असेल, म्हणून विचारलं. ती चुलीकडे बघत सांगत राहिली, मधे एक सोडण आत सारलं.

“सकाळी मी हंय बसतंय. तू वर झाडांका पानी घालतंस. मी खालसून बघतंय आणि मनात म्हणतंय, बरा आसा हिचा. पाठी कोण नाय, फुडे कोण नाय. आपलो पगार, आपली गच्ची. माका असा कदी गावला नाय. रोज म्हणतंय. आवशीन लेकीक असा म्हणाचा नाय.” मग थोड्या वेळाने, “आणि झिलाक मीच सांगलंय, गच्चेर रूम घाल म्हणान. तेच्या मनात नव्हता.”

हे ऐकून मी खाली बसले. तिने का सांगितलं तेही तिने सांगितलं. ती गेल्यावर मला ह्या घरात कोण बघणार? सून बरी आहे, पण घर शेवटी सुनेचं. ओरोसला सरकारी घर मिळेल, आपला दरवाजा, आपली कडी. तिने हे भावाच्या गळी उतरवलं होतं, आणि त्याने माझ्यापुढे ताटाकडे बघत ते स्वतःचं म्हणून मांडलं, तिचं नाव न घेता. इतके दिवस मी त्याला मनात काय काय म्हटलं होतं ते इथे लिहीत नाही.

“मगे तू जेवाची बंद झालंस,” आई म्हणाली. “सुकत गेलंस. तेवा माका कळला, माजीच लागली.” पदराने तिने नाक पुसलं. “आता तू खंय जाव नको. इतकी दिष्ट घेवन परक्या गावात रवाचा नाय. सकाळी झिलाक सांगतंय, गच्चेक हात लावू नको. गच्ची तुजी.”

म्हणजे मला फक्त गप्प बसायचं होतं. गच्ची राहिली असती, खोली राहिली असती, झाड राहिलं असतं, आणि झाड राहिलं तर पुढच्या हंगामाला फळं येणारच होती. ज्या गोष्टीला मी जन्मभर नाकं मुरडली त्या गोष्टीने मला हवं ते सगळं हातात आणून दिलं होतं. आणि समोर आई बसली होती, आपल्या नजरेने आपली मुलगी वाळवली असं धरून. ती उरलेलं सगळं आयुष्य ते धरून बसली असती, तिला मी ओळखते. सकाळी चुलीपाशी बसून मान वर करायची तिला भीती वाटली असती. शेजारणीला वांग्याच्या फुलाचा रंग ऐकवल्याशिवाय मला राहवलं नव्हतं. कोणाची चूक दिसली की मी ती सांगतेच, आणि आजवर त्यात कोणाचं भलं झाल्याचं मला आठवत नाही. आईचं ते तोंड मला सहन होईना.

“आये, ती मिरसांग तिखट नाय,” मी म्हटलं. “तिका ठसको येवचोच नाय. कोणीय जाळल्यान तरी.”

“माका बरा वाटाक म्हणान सांगतंस.”

“खरा सांगतंय.”

“तूच सांगलंस जहाल म्हणान.”

“ता खोटा सांगलंय. कोणी काढू नये म्हणान.”

तिला पटलं नाही. तिने मान हलवली आणि चुलीकडे तोंड फिरवलं. मी परत वर गेले. संतापात झाड तपासताना टाकीच्या बाजूला, पानांच्या आड, एक लाल फळ मला दिसलं होतं. आईचा हात तिथवर पोचला नव्हता. सुरकुतायला लागलेलं, अगदी हवं तसं. आत तीन-चार बिया तरी असतील. ते तोडताना मी फार विचार केला नाही, केला असता तर हात मागे घेतला असता. खाली आणून तिच्या तळहातावर ठेवलं.

“खा.”

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या इवल्याशा फळाकडे. डोळे मिटून घेतले, आणि तोंडात टाकलं. मागच्या दोन दाढा उरल्यात तिच्या, त्यांच्यामधे धरून हळूहळू चावलं. तोंड पोळायची वाट बघत थांबली. मग बियांसकट गिळलं.

“तिखट नाय गो,” ती म्हणाली.

“नाय.”

“मगे दिष्ट नव्हती.”

“नव्हती.”

“माजी पण नाय?”

“तुजी पण नाय, आये.”

तिने डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल झालेला मी बघितला, आणि मला वाटलं की आता ती माझं डोकं कुरवाळेल. तिने पाटावरून उठण्यासाठी माझ्या खांद्याचा आधार घेतला, उभी राहिली, लुगडं झटकलं.

“मगे बरा झाला,” ती म्हणाली. “मगे जा तू ओरोसाक.”